चौदाव्या दिवसाचे नाटक

नाटक ही पाहण्याची वस्तू आहे, वाचण्याची नव्हे, असे म्हणण्याचा प्रघात आपल्याकडे फार जुना आहे. असे म्हणणारे बहुधा अशा शहरांत राहतात, जेथे संध्याकाळी घरातून निघाले की तासाभरात तिसरी घंटा ऐकू येते. आम्ही यवतमाळ जिल्ह्यात राहतो. मुंबई-पुण्याच्या नाटकमंडळ्या नागपूरला येतात, अमरावतीला येतात, क्वचित यवतमाळलाही मुक्काम करतात. परंतु घाटंजी, कळंब, मारेगाव किंवा झरी-जामणीच्या माणसाला नवे नाटक रंगमंचावर पाहावयास मिळणे हा योगच म्हणावा लागेल. त्यामुळे आमच्यासारख्यांचे नाटकाशी जे नाते जडले, ते पुस्तकाच्या वाटेने जडले. नवे नाटक छापून आले की ते मागवावयाचे, रविवारच्या पुरवणीत त्याचे परीक्षण आले असेल तर ते कात्रण पुस्तकातच जपून ठेवावयाचे, आणि सवडीने घरातील चार माणसांत पात्रे वाटून घेऊन ते मोठ्याने वाचावयाचे, हीच आमची रंगभूमी.

आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना नाटक परके नाही. नाताळच्या आधी पंधरा दिवस सभागृहात तालमी चालतात, जुन्या चादरींचे मेंढपाळांचे अंगरखे होतात, आणि एरवी चार शब्द न बोलणारा एखादा मुलगा हेरोदाच्या भूमिकेत असा गरजतो की त्याच्या आईलाही नवल वाटावे. उपवासकाळात प्रभूच्या दुःखसहनाचे प्रसंग आपण उभे करतो. नाटक करणे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. तथापि आपल्या काळाविषयी लिहिलेले, नुकतेच छापून आलेले नाटक विकत घेऊन घरात वाचण्याची सवय मात्र आपल्यात फारशी रुजली नाही. ती रुजावी असे आम्हाला का वाटते, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

छापील नाटकाची शक्ती किती मोठी असते, याचे सर्वांत बोलके उदाहरण आमच्याच जिल्ह्यातील आहे. महेश एलकुंचवार यांचा जन्म १९३९ साली घाटंजी तालुक्यातील पारवा या गावी झाला. वयाच्या चौथ्या वर्षीच शिक्षणासाठी त्यांना आईवडिलांपासून दूर शहरात राहावे लागले. पुढे नागपुरात एकदा चित्रपटाचे तिकीट मिळाले नाही म्हणून ते विजय तेंडुलकरांचे ‘मी जिंकलो! मी हरलो!’ पाहावयास गेले आणि त्या प्रयोगाने त्यांना नाटक लिहावयास लावले, ही हकिगत सर्वश्रुत आहे. परंतु त्यानंतरचा भाग आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो. १९६७ साली त्यांची ‘सुलतान’ ही एकांकिका ‘सत्यकथा’ मासिकात छापून आली. ती विजया मेहता यांनी वाचली आणि नंतर रंगमंचावर आणली. म्हणजे विदर्भातील एका अपरिचित तरुणाला मुंबईच्या रंगभूमीचे दार उघडले, ते मासिकाच्या काही पानांनी. कोणी तरी ती पाने वाचली नसती, तर पुढची वाट कशी झाली असती कोण जाणे!

त्यानंतर ‘होळी’, ‘गार्बो’, ‘वासनाकांड’, ‘पार्टी’ अशी नाटके आली. त्यांतील काही वादग्रस्त ठरली, काहींचे चित्रपट झाले. मात्र १९८५ साली विजया मेहता यांच्याच दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आलेल्या ‘वाडा चिरेबंदी’ने एलकुंचवार आपल्या मातीकडे परतले, असे समीक्षकांनी म्हटले, आणि ते खरेही आहे. धरणगावच्या देशपांड्यांचा वाडा. घरचे कर्ते वडील वारले आहेत. मुंबईला राहणारा सुधीर पत्नीसह गावी आला आहे. थोरला भास्कर घराण्याचा आब राखू पाहतो, धाकटा चंदू घरगड्यासारखा राबतो, शिकण्याची ओढ असलेली प्रभा घराच्या अब्रूपायी घरातच राहून गेली आहे, आणि दाराशी एक बिघडलेला ट्रॅक्टर गंजत पडला आहे. या सर्वांच्या डोक्यावर एकच प्रश्न लोंबकळत असतो: तेराव्याचा खर्च कसा करावयाचा? गावजेवण तर घातले पाहिजे, घराण्याची रीत तर मोडता कामा नये, आणि हातात पैसा नाही. जमीन, भिंती, दागिन्यांचा डबा या सर्वांवरून भावाभावांत जे बोलणे होते, ते वऱ्हाडात राहणाऱ्या माणसाला लेखकाने रचलेले वाटतच नाही. ते त्याने आपल्याच ओसरीवर ऐकलेले असते.

या नाटकाचे स्वागत मोठे झाले. त्याची तुलना रशियन नाटककार चेकॉव्हच्या ‘चेरीची बाग’शी झाली. हिंदीत ‘विरासत’ या नावाने ते गेले, इंग्रजीत गेले. ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ या पुढील दोन भागांसह त्याची नाट्यत्रयी झाली, आणि १९९४ साली चंद्रकांत कुलकर्णी यांनी ‘आविष्कार’तर्फे ती सलग सादर केली, तेव्हा प्रेक्षक आठ-नऊ तास बसून राहिले. ‘युगान्त’ला २००२ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पाठोपाठ सरस्वती सन्मानही मिळाला. मराठी नाटकाच्या इतिहासात या कृतीचे स्थान आता निश्चित आहे.

या नाटकाविषयी जे जे हाती लागले, ते आम्ही आवडीने वाचले आहे. एकत्र कुटुंबाचा ऱ्हास, काळाचा आघात, मौनाचा उपयोग, संवादांतील लय यांविषयी पुष्कळ आणि चांगले लिहिले गेले आहे. सुधीरची पत्नी अंजली कोकणस्थ, तिची भाषा निराळी. तिच्या आणि वाड्यातील बोलण्यात जो सूक्ष्म ताण आहे, त्याचीही जाणकारांनी दखल घेतली आहे. परंतु आमच्या वाचनात आलेल्या अभिप्रायांत एक गोष्ट बहुधा विरळ आढळली, आणि ती म्हणजे शेत. वाड्याबाहेर जमीन आहे, तिच्यावर कापूस किंवा ज्वारी पिकते की नाही, ती कोण कसतो, १९५८ च्या विदर्भासाठीच्या कूळकायद्यानंतर तिचे काय झाले, हे प्रश्न नाटकाच्या पोटात आहेत. परीक्षणांत मात्र ते अंधारातच राहतात. शहरातील समीक्षकाला वाडा दिसतो, कारण वाडा रंगमंचावर आहे. शेत विंगेत आहे. ते दिसण्यासाठी पाहणाराच शेताकडून आलेला असावा लागतो.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात आमच्या घरी या नाटकाचे वाचन चालले होते. शेजारच्या एक बाई, ज्यांना आम्ही काकू म्हणतो, निवडावयास घेतलेली तूर मांडीवर घेऊन ऐकत बसल्या होत्या. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षे झालेली; दोन एकर कोरडवाहू आणि दोन लेकरे एवढाच त्यांचा संसार. वाचन संपले. आमच्यातील एकाने भास्करच्या स्वभावाचे विश्लेषण आरंभिले, दुसऱ्याने वहिनीच्या संयमाची प्रशंसा केली. काकू सूप बाजूला ठेवत म्हणाल्या, “तेरवं त झालं, सर. पन चौदाव्या दिसी घरातल्या बायांनं का करावं, थे नाई सांगत का हे पुस्तक?”

त्या प्रश्नावर कोणी काही बोलले नाही. नाटकाची बाजू घेऊन आम्हाला उत्तर देता आले असते. ‘युगान्त’मध्ये दुष्काळाने उजाड झालेले गाव आहे, म्हणजे लेखकाने चौदाव्या दिवसाचाच नव्हे, तर त्यानंतरच्या अनेक वर्षांचा विचार केला आहे. परंतु काकूंचा प्रश्न त्या उत्तराने मिटणारा नव्हता. नाटकातील वाड्यात ‘तेरावे कसे पार पडेल’ ही चिंता आहे. ज्या घरात वाडा नाही, चिरा नाही, विकावयास डबा नाही, त्या घरात खरी चिंता तेराव्यानंतर सुरू होते. भाऊबंद जेवून गेलेले असतात, मंडप उतरलेला असतो, आणि सावकार व बँक या दोघांनाही पत्ता ठाऊक असतो.

‘वाडा चिरेबंदी’ रंगमंचावर आल्याला वर्षही पुरते झाले नव्हते, तोच १९ मार्च १९८६ रोजी आमच्याच जिल्ह्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी व चार मुलांसह जीवनयात्रा संपविली. महाराष्ट्रातील शेतकरी आत्महत्यांच्या चर्चेत ही घटना आरंभीची म्हणून सांगितली जाते, आणि अलीकडे दरवर्षी १९ मार्चला अनेक ठिकाणी लोक उपवास करून तिचे स्मरण करतात. पुढील तीन दशकांत यवतमाळचे नाव देशभर झाले, ते दुर्दैवाने याच कारणाने. शासनाने मदतीची रक्कम एक लाख रुपये ठरविली. २००६ च्या निर्णयानुसार त्यातील तीस हजार रुपये हाती मिळावयाचे आणि सत्तर हजार ठेवीत राहावयाचे. पण त्याआधी प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरावयाचे. जमीन कोणाच्या नावे, कर्ज कोणत्या संस्थेचे, वसुलीचा तगादा होता की नव्हता. कुंकू पुसलेल्या बाईला ही कागदपत्रे घेऊन तहसील कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. चौदाव्या दिवसाचा पहिला अंक तेथे सुरू होतो.

काकूंना हवे असलेले नाटक पुढे आले, आणि त्याचे नावच ‘तेरवं’. श्याम पेठकर यांचे लेखन, हरीश इथापे यांचे दिग्दर्शन, आणि वर्ध्याच्या ‘अध्ययन भारती’ची निर्मिती. या दीर्घांकाचे वेगळेपण असे की, त्यात भूमिका करणाऱ्या स्त्रिया म्हणजे आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या पत्नी व मुलीच होत. ज्यांच्याविषयी वृत्तपत्रांत आकडे छापले जात होते, त्या आकड्यांनी रंगमंचावर येऊन बोलावयास सुरुवात केली. मेलेल्याचे तेरवं सगळे करतात. मागे राहिलेलीचे काय, असा या नाटकाचा सूर आहे. २०२४ साली याच नावाचा चित्रपटही इथापे यांनी केला.

या नाटकातील एक अभिनेत्री म्हणजे कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे. २०११ साली त्यांच्या पतीने आत्महत्या केली. त्यानंतर अंगणवाडीतील काम, शिवणकाम आणि शेती यांवर त्यांनी दोन मुले वाढविली. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. यापूर्वी १९७३ साली ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली हा मान यवतमाळला मिळाला होता. या वेळी अध्यक्ष होत्या अरुणा ढेरे. उद्घाटनासाठी प्रसिद्ध इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेण्यात आले आणि मराठी साहित्यविश्वात मोठे वादळ उठले. अनेकांनी निषेध केला, अनेक निमंत्रितांनी पाठ फिरविली. त्या निमंत्रणाचे जे झाले, ते अतिथिधर्माला शोभणारे नव्हते, हे आमचे तेव्हाही मत होते आणि आजही आहे. मात्र त्या रिकाम्या झालेल्या जागी वैशाली येडे उभ्या राहिल्या आणि त्यांनी संमेलनाचे उद्घाटन केले. अडीअडचणीला दिल्लीची नव्हे, गल्लीतलीच बाई धावून येते, अशा आशयाचे त्या बोलल्या. परदेशी आणि देशी विद्वानांच्या उद्धरणांनी सजलेली अनेक उद्घाटनपर भाषणे विस्मृतीत गेली, पण हे वाक्य आमच्या जिल्ह्यात बाजाराच्या दिवशीही लोकांच्या तोंडी ऐकू येत असे.

येथे आम्हाला एक अप्रिय वाटणारी गोष्ट सांगितली पाहिजे. ‘तेरवं’विषयी जे अभिप्राय आमच्या वाचनात आले, ते बव्हंशी सद्गदित होते. डोळे पाणावले, काळीज हलले, सभागृह स्तब्ध झाले, असे सर्वांनी लिहिले. पण या स्त्रियांनी अभिनय कसा केला, कोणते वाक्य कोठे तोडले, समूहाची हालचाल कशी बसविली होती, गीत आणि गद्य यांचा सांधा कोठे जुळला आणि कोठे निखळला, याविषयी बोलावयास कोणी धजत नाही. जणू दुःखितांच्या कलेची चिकित्सा करणे म्हणजे त्यांच्या दुःखाचा अवमान करणे! आम्हाला हे पटत नाही. शेतात राबून आलेल्या बाईने रात्री जागून संवाद पाठ केले, पाय रंगमंचावर कोठे ठेवावयाचा हे शिकून घेतले, ज्या आठवणीने घशात आवंढा येतो तीच आठवण रोज त्याच सुरात उच्चारण्याची शिस्त अंगी बाणविली. ही कला आहे, आणि तिला कलेचा मान दिला पाहिजे. केवळ अश्रू ढाळून आपण तिला पुन्हा ‘बिचारी’ करून घरी पाठवितो.

अशा रीतीने आमच्या जिल्ह्याशी नाते सांगणाऱ्या या दोन नाटकांचे स्वागत दोन टोकांना गेले. एकाकडे पाहताना कला एवढी मोठी दिसली की माती दृष्टीआड झाली. दुसऱ्याकडे पाहताना माती एवढी ओली वाटली की कला दृष्टीआड झाली. चांगल्या समीक्षेने दोन्ही डोळे उघडे ठेवावेत, एवढीच आमची मागणी आहे. ‘वाडा चिरेबंदी’ला विचारावे, तुझे शेत कोठे आहे? ‘तेरवं’ला विचारावे, तुझा शब्द कसा घडला? दोन्ही नाटके या प्रश्नांना उत्तरे देण्यास समर्थ आहेत.

असे प्रश्न विचारणारी नाटके इतरत्रही लिहिली गेली आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात जन्मलेल्या प्रेमानंद गज्वी यांचे ‘किरवंत’ हे नाटक अंत्यविधी करणाऱ्या पुरोहितावरचे. ज्याच्यावाचून मृताची गती अडते, त्यालाच समाज शिवत नाही, हा त्यातील दंश. हेच गज्वी फेब्रुवारी २०१९ मध्ये, म्हणजे यवतमाळच्या साहित्य संमेलनानंतर काही आठवड्यांतच, नागपूरला भरलेल्या ९९ व्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष होते. अगदी निराळ्या वळणाचे नाटक म्हणजे नाशिकच्या प्राजक्त देशमुख यांचे ‘देवबाभळी’. तुकोबांची आवली आणि विठोबाची रखुमाई या दोघी समोरासमोर येतात. एकीचा नवरा देवापाठी गेलेला, दुसरीचा देवच भक्तांपाठी गेलेला. तेथे मरण नाही, कर्ज नाही, तरीही मागे राहिलेल्या बाईचाच प्रश्न आहे. हे नाटक रंगमंचावर गाजले, आणि २०२० चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार त्याच्या छापील रूपाला मिळाला. प्रयोग न पाहिलेल्या माणसानेही ते पुस्तक घेऊन बसावे. त्यातील बोली कानात वाजू लागते.

नाटकाच्या पहिल्या प्रयोगाचे वर्णन वाचताना आम्हाला कित्येकदा तेराव्याचीच आठवण होते. मंडळी जमतात, चांगले बोलतात, तृप्त होतात आणि आपापल्या घरी जातात. परीक्षणे छापून येतात, पारितोषिके दिली जातात. मग प्रयोग थांबतात. नाटकाचाही चौदावा दिवस उजाडतो, आणि त्या दिवशी त्याच्याजवळ उरते ते फक्त पुस्तक. ते कोठल्या तरी कपाटात धूळ खात पडेल, की घाटंजीच्या एखाद्या घरात चार माणसे पात्रे वाटून घेऊन ते वाचतील, यावर त्याचे पुढील आयुष्य अवलंबून असते. नाटककाराला मुंबईच्या टाळ्यांइतकीच या घराची गरज असते. या घराला नाटककाराची गरज त्याहूनही अधिक असते, कारण आपल्याविषयी काय बोलले गेले आहे, हे ठाऊक असल्याखेरीज त्यावर ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणता येत नाही.

आपल्या घरांत तेरावे होत नाही. आपण सातव्या दिवशी, महिन्याने, वर्षाने पवित्र मिस्सा अर्पण करतो. पण त्यानंतरच्या जेवणात किती पाने मांडावयाची, पाव्हण्यांत कमीपणा येईल का, ही धरणगावच्या देशपांड्यांची चिंता आपल्या ओसरीवरही येऊन बसते, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्या दृष्टीनेही ‘वाडा चिरेबंदी’ आपल्या घरात वाचले जावे. आणि मिस्सा झाल्यावर, शोकाकुल घराला भेटावयाची गर्दी ओसरल्यावर, त्या घरातील बाईकडे रेशन कार्ड, सातबारा आणि बँकेचे पासबुक यांविषयी विचारपूस करणारे कोणी आहे का, हेही आपण पाहावे.

धर्मग्रामाच्या वाचनालयात चरित्रे आहेत, प्रवचनसंग्रह आहेत, मुलांच्या गोष्टी आहेत. यंदा त्यात पाच मराठी नाटके यावीत, अशी आमची सूचना आहे. फार खर्चाची ही बाब नाही. नाताळच्या रोषणाईतील एक माळ कमी केली तरी पुरे. महिन्यातून एका रविवारी, मिस्सेनंतर, एकेक अंक वाचावा. वाचणाऱ्यांत सुशिक्षित असावेत, पण ऐकणाऱ्यांत तूर निवडणाऱ्या काकूही असाव्यात. वाचन संपल्यावर पहिले बोलण्याचा मान त्यांना द्यावा, आणि त्या जे विचारतील ते लिहून घ्यावे. त्या वहीत जे जमेल, ते कोणत्याही पुरवणीत छापून आलेले नसेल.